सोबतीला कोण?

पहिला फोटो काळाकुट्ट आला, कारण लेन्सवरचं झाकण काढायचंच राहून गेलं होतं. दुसरा ताकासारखा पांढरट. तिसऱ्यात चांदण्या उतरल्या, पण ते ठिपके नव्हतेच; कुणी शेवया मोडून ताटात टाकाव्यात तशा आखूड, तिरक्या रेघा होत्या. २०२२ च्या सप्टेंबरअखेरची ती अमावास्या. पाऊस नुकताच सरला होता, चंदीगडचं आकाश धुऊन निघालं होतं आणि एका तीन मजली घराच्या गच्चीवर सत्तेचाळीस वर्षांची एक नागपूरकर बाई, पायाशी डासांची अगरबत्ती लावून, नवऱ्याच्या जुन्या कॅमेऱ्याशी झगडत बसली होती.

कॅमेरा हौसेनं घेतलेला. सिमल्याच्या एका सहलीत त्याचं कौतुक झालं, मग प्रत्येकाच्या हाती मोबाइल आला आणि तो कपाटात साड्यांच्या मागे गेला. नवरा राष्ट्रीयीकृत बँकेत, दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. मुलगा आदल्या वर्षी पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. दोन माणसांचा स्वयंपाक तो किती, आवराआवर ती किती! एका रात्री वाळत घातलेले कपडे काढायला ती गच्चीवर गेली आणि खाली यायचं विसरली. लहानपणी नागपूरच्या उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायचं. गाद्यांवर पाणी शिंपडून वडील एकेक नक्षत्र दाखवायचे. सप्तर्षी, शर्मिष्ठा, व्याध. लग्नानंतर पंचवीस वर्षांत वर बघायला सवड झाली नव्हती, इतकंच. आकाश होतं तिथंच होतं.

नाही म्हणायला एक फरक होता. ध्रुव तारा वर सरकला होता! नागपूरहून तो उत्तरेच्या क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर दिसतो, चंदीगडहून जवळपास ३१. माहेर सोडून दहा अंश उत्तरेला आल्याचा हा पुरावा तिला कुठल्याही बदलीच्या आदेशापेक्षा पक्का वाटला.

तर त्या शेवया. मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, पृथ्वी फिरते ना. तू शटर अर्धा मिनिट उघडं ठेवलंस तर तारे सरकणारच." चार मिनिटांत आकाश एक अंश सरकतं. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. तिच्याकडच्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्सनं तारा ठिपक्यासारखा हवा असेल, तर शटर जेमतेम पाच सेकंद उघडं ठेवता येतं. आणि पाच सेकंदांत उजेड येऊन येऊन किती येणार? शिवाय फोकसची निराळीच कटकट. लेन्सवर अनंताची खूण असते, ती काही खरी नसते. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून बघायचा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत कडं केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहायचं. हे जमायला तिला तीन अमावास्या लागल्या.

त्यातली दुसरी दिवाळीची. आकाशाचे फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीनं यासारखी थट्टा नाही: वर्षातली इतकी चांगली काळोखी रात्र, आणि सगळं गाव तिच्यावर फटाके उडवतं! पंजाब-हरियाणात तेव्हाच भाताची कापणी उरकून शेतात पेंढा पेटवलेला असतो. त्या धुरात चांदण्या तांबूस, आजारी दिसतात.

तिसऱ्या खेपेला, नोव्हेंबरात, तिनं कॅमेरा सरळ डोक्यावर वळवला. देवयानी तारकासमूह इथं ऐन माथ्याजवळून जातो, आणि शहराचा उजेड माथ्यावर त्यातल्या त्यात कमी. फोटोत तारे नीट ठिपके होऊन आले, पण मधोमध एक डाग. बोट लागलं असेल म्हणून तिनं साडीच्या पदरानं लेन्स पुसली. पुढच्या फोटोतही तो डाग त्याच ताऱ्यांच्या शेजारी, त्याच कलानं. ट्रायपॉड थोडा फिरवून पाहिला तर ताऱ्यांबरोबर डागही सरकला. मग तिच्या लक्षात आलं आणि ती मटकन खाली बसली. ती देवयानीची दीर्घिका होती. आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी आकाशगंगा, पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर. तो उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर आजचा माणूस नव्हता. आणि इथे तो पदरानं पुसला जात होता.

नवऱ्याला झोपेतून उठवून तिनं डाग दाखवला. तो भला माणूस. त्यानं चष्मा लावून नीट पाहिलं, म्हणाला, "छान आहे. पण अगं, असे फोटो इंटरनेटवर हवे तितके मिळतात की. हबलचे." याला तिच्याजवळ उत्तर नव्हतं. बाजारात लोणचं मिळतं म्हणून घरचं घालायचं थांबत नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी कुकर लावताना सुचलं. पण तोवर तो बँकेत गेला होता.

डागाची दीर्घिका कशी करायची, हे तिला कळलं ते तुपामुळे. एका दिवसाच्या सायीचं कधी तूप होत नाही; आठवडाभर साय साठवावी लागते. तसंच पाच-पाच सेकंदांचे दोनशे फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक बसवायचे. सगळे मिळून होतात जेमतेम सतरा मिनिटं, पण खरा उजेड प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, म्हणून तो साचत जातो. कॅमेऱ्यानं स्वतःहून घातलेली रवाळ खरखर दर वेळी वेगळी, ती विरत जाते. हे काम करणारा डीपस्कायस्टॅकर नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्याला आणखी एक गोष्ट लागते: त्याच थंडीत, तितक्याच सेकंदांचे, झाकण लावून काढलेले काळे फोटो. कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग त्यावरून ओळखून वजा करता येतात. म्हणजे पहिल्या रात्रीचा तिचा तो फोटो अगदीच वेडेपणाचा नव्हता.

गच्चीवरच्या रात्री वाढल्या तशी बाकीची माणसं त्यात आली. घरमालकीणबाई सत्तरीच्या, फाळणीनंतर आलेल्या कुटुंबातल्या. त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून विचारत, "बेटा, रात को छत पे? अकेली?" आणि उत्तराची वाट न बघता पिन्नीची वाटी ठेवून जात. मागच्या घरातल्या गृहस्थांची शंका निराळी होती. मध्यरात्री गच्चीवर कॅमेरा, तोही तिपाईवर, म्हणजे रोख कुठे? ते एका संध्याकाळी तावातावानं वर आले. तिनं त्यांना लॅपटॉपवर कृत्तिकांचा झुबका दाखवला. ते पाच मिनिटं बघत राहिले. "अच्छा," म्हणाले, "ये हमारे घर के ऊपर है?" जाताना नमस्कारही केला. मात्र त्यांच्या गच्चीवरचा ढणढणीत पांढरा दिवा होता तसाच रात्रभर जळत राहिला.

मार्गशीर्ष-पौषात मृग वर येतो. मृग म्हटलं की आपल्याला आठवतो पाऊस, पेरणी, अंगणातला मखमली किडा. जूनमध्ये सूर्य मृगात असतो, म्हणून तर आपण "मृग लागला" म्हणतो, आणि म्हणूनच तेव्हा ते नक्षत्र दिसत नाही. ते दिसतं थंडीत. हरणाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्याच्या जरा खाली डोळ्यांना किंचित धुरकट दिसणारी एक जागा. तो मृगाचा तेजोमेघ. तेराशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर, जिथे आजही तारे जन्माला येताहेत. तिच्या फोटोत तो पहिल्याच प्रयत्नात गुलाबी आला. मग दव पडलं. नवऱ्याच्या लोकरी मोज्यात गरम पाण्याची बाटली घालून तो मोजा तिनं लेन्सला बांधला. केस वाळवायचं यंत्रही स्वयंपाकघरातून लांब वायर ओढून वर नेलं. पण डिसेंबर अखेरीस चंदीगडवर धुकं उतरलं आणि महिनाभर हटलं नाही. पलीकडच्या रस्त्यावरचा दिवा दिसेना, तिथे तेजोमेघ कुठून दिसणार?

त्या सक्तीच्या सुट्टीत तिनं दोन गोष्टी केल्या. एक, मिस्त्रीकडून दोन फळ्या करून घेतल्या. १९७५ साली स्कॉटलंडच्या हेग नावाच्या एका हौशी माणसानं काढलेली ही युक्ती. दोन फळ्या बिजागरीनं जोडायच्या आणि बिजागरीचा दांडा ध्रुवाकडे रोखायचा. बिजागरीपासून २२.९ सेंटिमीटरवर एक स्क्रू बसवायचा, एका फेऱ्यात एक मिलिमीटर पुढे सरकणारा. तो मिनिटाला एक फेरा या गतीनं फिरवला की वरची फळी नेमकी आकाशाच्या चालीनं उघडत जाते, आणि तिच्यावरचा कॅमेरा ताऱ्यांच्या मागोमाग. मोटरवर चालणारं यंत्र मिळतं, पण ते त्यांच्या वॉशिंग मशीनपेक्षा महाग. मिस्त्रीनं "मिलिमीटर का क्या है, उन्नीस-बीस चलेगा" म्हणत पहिली जोडी बिघडवली. दुसरी तिनं समोर बसून करून घेतली. पाच सेकंदांची मर्यादा आता दोन मिनिटांवर गेली. हातात घड्याळ घेऊन दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा, श्वास रोखून.

दुसरी गोष्ट वाचनाची. मृगाच्या तेजोमेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत घेतला, ५१ मिनिटं काच उघडी ठेवून. पेशानं ते डॉक्टर. १८८३ मध्ये लंडनजवळ ईलिंगला, आपल्या घराच्या बागेत मोठी दुर्बीण उभारून अँड्र्यू कॉमन यांनी त्याचा असा फोटो काढला, की दुर्बिणीतूनही डोळ्यांना न दिसणारे तारे त्यात दिसले. हे सांडपाण्याच्या कामातले इंजिनिअर. म्हणजे या विद्येची सुरुवातच मुळी हौशी लोकांच्या अंगणात झाली. आपल्याकडे त्याच सुमाराला कावसजी नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी करत होते. वीस इंची दुर्बीण होती तिथे. मृगाच्याच तेजोमेघाच्या उजेडाचं त्यांनी पृथक्करण केलं. १९१२ मध्ये वेधशाळा बंद होऊन सामान कोडाईकॅनॉलला गेलं. तिचा मुलगा त्याच आवारात शिकतो. त्याला हे ठाऊक नव्हतं. आईनं सांगितलं तेव्हा तो दोन सेकंद गप्प बसला, हे तिला फार आवडलं.

पण मनात घर केलं ते विल्यमिना फ्लेमिंग यांनी. स्कॉटलंडहून अमेरिकेत आलेली, गरोदरपणी नवऱ्यानं टाकलेली ही बाई हार्वर्ड वेधशाळेच्या संचालकांच्या, पिकरिंग यांच्या घरी कामाला होती. १८८१ पासून ती वेधशाळेत नोकरीला लागली. रात्री पुरुष दुर्बिणीतून काचांवर फोटो घेत. दिवसा फ्लेमिंग आणि इतर बायका त्या काचा भिंगाखाली तपासत. १८८८ मधल्या अशाच एका काचेवर, मृगाच्या बाणातल्या एका ताऱ्याच्या खाली, तिला उजेडात एक अर्धगोल काळी खाच दिसली. आज जगभर पोस्टरवर झळकणारा घोड्याच्या डोक्याचा मेघ तो हाच. १८९५ च्या मोठ्या सूचीत शोधाचं श्रेय पिकरिंग यांना गेलं, बाईचं नाव नव्हतं. नाव राहिल्याची चीड येतेच. पण गच्चीवरच्या या बाईला जास्त लागलं ते दुसरंच. इतकं आकाश पाहिलेल्या त्या बाईच्या वाट्याला काचेवरचं दिवसाचं आकाश आलं. रात्र नाही.

हे तिला कळायला कारण होतं. शहरातून जे मिळायचं ते वर्षभरात मिळून गेलं होतं. यापुढे हवा होता काळोख, आणि काळोख चंदीगडपासून दीड-दोन तासांवर, मोरनीच्या डोंगरात होता. १४ डिसेंबर २०२३ ची रात्र मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची, चंद्राचा त्रास नाही. ओळखीतून तीन-चार हौशी तरुण मोरनीला निघाले होते. "आंटी, चला," म्हणाले. तिनं फळ्या, मोजे, थर्मास सगळं बांधलं. नवरा दौऱ्यावर होता. फोनवर त्यानं एवढंच विचारलं, "सोबतीला कोण?"

वाईट अर्थानं नाही विचारलं. हा प्रश्न आपल्या घराघरांत दिवेलागणीसारखा विचारला जातो. नागपूरहून आईनंही तेच विचारलं, मालकीणबाईंनी पंजाबीत तेच विचारलं. ती गेली नाही. गच्चीवर खुर्ची टाकून तिनं शहराच्या उजेडात अकरा उल्का मोजल्या आणि दोन वाजता खाली आली. नवरा आयुष्यभर रात्रीच्या बसनं अनोळखी गावांना गेलाय, त्याला कुणी विचारलं नाही. हा हिशोब मांडताना तिला आणखी एक आठवलं. महिन्यापूर्वी मुलगा मित्रांबरोबर रात्रभर सिंहगडाच्या बाजूला तारे बघायला गेला, तेव्हा तिनं स्वतः त्याला काय विचारलं होतं? "स्वेटर घेतलास का?"

भांडण वगैरे झालं नाही. कॅमेरा परत साड्यांच्या मागे गेला, फळ्या माळ्यावर. तीन आठवडे ती गच्चीवर गेली नाही; कपडे खालच्या बाल्कनीत वाळू लागले. जानेवारी उजाडल्यावर एका रात्री नवरा जेवताना म्हणाला, "अमावास्या कधी आहे?" तिनं वरण वाढत सांगितलं, "अकराला." त्यावर दोघंही काही बोलले नाहीत.

१३ जानेवारी २०२४, संक्रांतीच्या आधीचा शनिवार. पंचकुला मागे पडेपर्यंत गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली होती. धुक्यात पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसे. आपण मूर्ख आहोत असं दोघांनाही वाटत होतं, पण ते आधी कोण म्हणतो यावर अडलं होतं. मग चढ लागला, वळणं सुरू झाली, आणि एका वळणावर गाडी धुक्यातून वर निघाली, बादलीतून डोकं काढावं तशी. वर एक ढग नव्हता. खाली मैदानावर धुक्याची दुलई, आणि तिच्याखाली शहरांचे सगळे दिवे झाकलेले. जे धुकं महिनाभर शिव्या खात होतं, त्यानंच चंदीगडचा उजेड दाबून धरला होता.

नवरा गाडीतून उतरला आणि वर बघून म्हणाला, "इतके असतात?"

त्यानं गाडीत झोपायचं ठरवून उशी आणली होती. साडेनऊला तिनं फळ्या ध्रुवाकडे लावल्या. दहाच्या सुमाराला तिची बोटं थंडीनं इतकी आखडली की स्क्रू फिरेना. तेव्हा तो बाहेर आला, हातमोजे काढले, म्हणाला, "मला सांग." बँकेत तीस वर्षं आकडे मोजलेला माणूस, त्याचा पाव फेरा तिच्यापेक्षा नेमका पडू लागला. एक वाजेपर्यंत दोन-दोन मिनिटांचे ऐंशी फोटो झाले. मधूनच तो कंबर धरून कुरकुरे, मग पुन्हा घड्याळाकडे बघे. शेवटी झाकण लावून वीस काळे फोटो घ्यायचे, हे मात्र त्याला काही केल्या पटेना. "झाकण लावून? आणि त्याला चाळीस मिनिटं?"

त्याच महिन्यात पेंचच्या व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आईनं नागपूरहून बातमीचं कात्रण फोनवर पाठवलं आणि वर लिहिलं, "तुझ्या माहेरीच काळोख आहे म्हणे. इकडे ये." तिथं सोबतीला कोण, हे मात्र आईनं या वेळी विचारलं नाही. वाघ आहेतच.

मोरनीचे फोटो एकमेकांवर बसवायला आठवडा गेला. तेजोमेघाला पंख फुटल्यासारखा आकार आला. तो फ्रेम करून मालकीणबाईंनी आपल्या दिवाणखान्यात लावला, गुरू नानकांच्या तसबिरीशेजारी. पण तिचं लक्ष दुसरीकडेच आहे. बाणातल्या डावीकडच्या ताऱ्याच्या किंचित खाली, फोटो खूप मोठा केला की, विटकरी उजेडाची अगदी पुसट पट्टी दिसते. साध्या कॅमेऱ्यातली गाळणी तो तांबडा उजेड बराचसा अडवते, त्यामुळे दिसते हेच नवल. त्या पट्टीला एका जागी मोहरीच्या दाण्याएवढी खाच आहे. मुलगा म्हणतो, धूळ असेल. नवरा म्हणतो, आहे बुवा काहीतरी. दुपारची भांडी झाली की ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडते आणि ऐंशी फोटो एकेक करून तपासते. त्यांपैकी बेचाळीस झालेत. एकोणिसात खाच आहे.